कळशीभर खारं पाणी

१

सकाळी सातला मी माशांच्या टाकीचा दिवा लावते. चहा त्यानंतर. दिवा लागला की मासे दगडांतून बाहेर येतात, पंपाची घरघर कालच्यासारखीच आहे ना ते मी ऐकते, चिमूटभर खाणं टाकते आणि पाण्याची पातळी बघते.

ही टाकी आमच्याकडे हौसेने आलेली नाही. माझा भाऊ सुदर्शनदादा ठाण्यात हॉटेलांचे एसी दुरुस्त करतो. त्यातलं एक हॉटेल बंद पडलं, तेव्हा मालकाने काउंटरमागची तीन फुटी काचेची टाकी त्याला देऊन टाकली. दादाने ती पंप, समुद्री दगड, मिठाच्या पिशव्या आणि तीन माशांसकट टेम्पोत घालून जव्हारला आणली. "बाबांना विरंगुळा," म्हणाला. बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. ते आठ दिवस टाकीसमोर बसले आणि नवव्या दिवशी पेपर घेऊन पुन्हा ओट्यावर गेले. आई मी बारावीत असताना गेली. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली घरात मी एकटी, त्यामुळे टाकी माझ्या गळ्यात पडली.

खाऱ्या पाण्याच्या टाकीचा एक नियम कळला की बाकी सगळं सोपं असतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून पातळी खाली गेली की वर गोडं पाणी घालायचं, खारं नाही. खारेपणा मोजायला काट्याचं एक छोटं यंत्र असतं. काटा पंचवीसवर असला की मासे सुखात.

शेजारच्या प्रेमाकाकूंना हे सगळं पटत नाही. उन्हाळ्यात नळ चार-चार दिवस येत नाही, तेव्हा त्या दारात उभ्या राहून टाकीकडे बघतात.

"आमच्याकडे भांडी घासायला थेंब नाही, आणि तुझ्या माशांना बघ. मीठ लावून ठेवलेत, आता नुसता तवा तापवायचा बाकी आहे."

"काकू, हे खायचे मासे नाहीत."

"मग पाळलेत कशाला?"

टाकी मधल्या खोलीत आहे. तिच्या समोर मागच्या खोलीचं दार आणि दाराशेजारी गजांची खिडकी. त्या खोलीत माझी काशीआत्या राहायची. मे महिन्यात ती गेली. तेव्हापासून त्या खोलीला बाहेरून कडी असते.

२

तीन माशांपैकी दोन क्लाउन जातीचे, नारंगी आणि पांढऱ्या पट्ट्यांचे. तिसरा डॅमसेल. काळाकुट्ट, कपाळावर एक पांढरा ठिपका आणि दोन्ही कुशींवर एकेक. आणला तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढा होता आणि दगडाच्या कपारीत लपून बसायचा. दादा त्याला 'सरकारी कर्मचारी' म्हणायचा, जेवणाच्या सुट्टीत तेवढा दिसतो म्हणून.

जूनमध्ये तो बदलला. आधी क्लाउनच्या शेपट्या कुरतडल्या. मग एकाला कोपऱ्यात दाबून धरायला लागला, खाणं टाकलं तरी हलू देईना. जुलैत तो क्लाउन मेला. उरलेला एक पंपामागच्या फटीत राहायला लागला.

मला यात विशेष काही वाटलं नाही. डॅमसेल मोठा झाला की जागा धरतो आणि आसपास कोणाला टिकू देत नाही, हे पुस्तकात आहे. उपायही आहेत. सगळे दगड उचलून वेगळे मांडायचे, म्हणजे त्याला आपली हद्द ओळखता येत नाही. मी मांडले. दोन तास तो गोंधळला, मग परत टाकीच्या डाव्या काचेशी जाऊन उभा राहिला. दगड कुठेही ठेवा, त्याची जागा तीच. मागच्या खोलीच्या दाराकडची.

दगड लावताना तो माझ्या हाताला चावला. करंगळीएवढ्या माशाचा चावा तो काय असणार, पण रक्त आलं. लगेच बाबांनी आपला हात पुसून टाकीत घातला तर त्यांना काही केलं नाही, बोटांजवळून नुसता फिरला.

"बघ, मास्तरांना ओळखतो," बाबा म्हणाले.

"तुमच्या हाताला साबणाचा वास येतोय, म्हणून."

"असेल. तू शिकलेली."

बाबा असं बोलले की माझं डोकं फिरतं. भांडतही नाहीत, ऐकतही नाहीत.

३

आवाज पहिल्यांदा ऑगस्टमध्ये ऐकला. दुपारचे अडीच. मी टेबलावर अभ्यास करत होते, तलाठी भरतीचा. टाकीतून टक-टक आलं. मग थोडं थांबून, टक.

डॅमसेल आवाज काढतात. दात एकमेकांवर घासून टकटक करतात, दुसऱ्याला हद्दीबाहेर हाकलायला. हे मला माहीत होतं. मी पुस्तकात डोकं घातलं. टक-टक. टक. दोन, मग एक. दोन, मग एक. चार वाजेपर्यंत मी एकच पान वाचत होते.

त्या संध्याकाळी मी दुसरा उपाय केला. भांडखोर माशाला आठ दिवस वेगळं ठेवायचं असतं. टाकीतच एक भोकं पाडलेला पारदर्शक डबा लटकवायचा आणि त्यात त्याला टाकायचं. पाणी तेच, पण तो कोणापर्यंत पोहोचू शकत नाही. आठ दिवसांत त्याची मस्ती उतरते. मी खाऊचा प्लास्टिकचा डबा घेतला, तापवलेल्या सळईने त्याला भोकं पाडली आणि पाऊण तास जाळीने पाठलाग करून त्याला आत घातला.

बाबा ओट्यावरून आत आले. डब्याकडे बघत उभे राहिले.

"हे काय?"

"आठ दिवस कोंडलाय. शांत होईल."

बाबा खाली वाकले. मग चप्पल काढता काढता म्हणाले, "कोंडू नको गं आता कोणाला."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. साधं बोलले होते. तरी मी दुसऱ्या दिवशी सकाळी डबा काढून टाकला. बाबांच्या बोलण्यामुळे नाही. रात्रीत त्याने प्लास्टिकवर तोंड आपटून आपटून ओठ सोलून घेतले होते.

४

दसऱ्याच्या सुमारास पाऊस संपला आणि ऊन चढलं. पातळी रोज बोटभर उतरायला लागली. बोटभर म्हणजे आमची छोटी स्टीलची कळशी भरून ओतली की पाणी बरोबर खुणेवर येतं. रोज एक कळशी गोडं पाणी. ऊन आहे, उडणारच.

आठवड्याने मी खारेपणा मोजला. काटा तेवीसवर होता.

यंत्राला बुडबुडा चिकटला असेल म्हणून झटकून परत मोजलं. तेवीस. चार दिवसांनी बावीस.

मी खुर्चीत बसून नीट विचार केला. पाणी उडालं तर मीठ मागे राहतं. मी गोडं घातलं की परत पंचवीस व्हायला हवं. काटा उतरतोय याचा अर्थ टाकीतलं मीठ कमी होतंय. मीठ हवेत उडत नाही. म्हणजे पाणी उडत नव्हतं. मिठासकट टाकीतून बाहेर जात होतं.

गळती असणार. मी टाकीखाली, स्टँडच्या चारी पायांभोवती, वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरले. दुसऱ्या दिवशी पातळी बोटभर खाली होती आणि कागद इतके कोरडे होते की प्रेमाकाकूंनी त्यातले दोन वड्या वाळत घालायला नेले.

५

काशीआत्याबद्दल सांगायला हवं.

ती बाबांची मोठी बहीण. सूर्यमाळच्या वरच्या एका पाड्यात राहायची. मार्चपासून तिथल्या विहिरीचा तळ दिसतो, मग खालच्या झऱ्यावर जायचं, वाटीने पाणी भरायचं आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढायचा. बाबा शाळेत जावेत म्हणून आत्याने शाळा सोडली आणि घरचं पाणी डोक्यावर घेतलं. हे बाबा वर्गात प्रत्येक मुलाला सांगायचे. मलाही हजारदा सांगितलं. नवरा गेल्यावर ती एकटीच राहिली आणि डोकं चालेनासं झालं तेव्हा बाबांनी तिला जव्हारला आणलं.

तिचं डोकं काही दिवस असायचं, काही दिवस नसायचं. नसलं की ती मारायची. मला ओरबाडलंय, बाबांच्या चष्म्याची काच फोडली आहे. तिला सगळ्यांत सहन व्हायची नाही ती टाकी.

"एवढा पानी," ती काचेला हात लावून म्हणायची. "आन कोन पीत नाय."

आणि ती प्यायची. एका बाजूला चेपलेला तिचा स्टीलचा पेला होता. तो टाकीत बुडवायचा आणि घटाघटा. मग उलट्या. दोनदा झालं. त्यानंतर तिच्या तोंडाची चवच बिघडली. फिल्टरचं पाणी दिलं तरी म्हणायची, "पानी खारं हाय गं पोरी. चाखून बघ."

"आत्या, ते गोडंच आहे."

"चाखून बघ."

दिवसातून वीस वेळा. मी एकदाही चाखून बघितलं नाही. कशाला बघू? पाणी मीच भरलेलं असायचं.

अभ्यासाला बसले की मी तिला मागच्या खोलीत बसवायचे आणि बाहेरून कडी लावायचे. आत कळशीभर पाणी, पेला, पंखा. बाबांना आवडायचं नाही. पण दुपारी ते झोपलेले असायचे, तिला बघणारी मी. स्वतः काही न करता ज्यांना नुसतं आवडत नाही, त्यांचं मी ऐकत नाही.

आत्याला पाणी हवं असलं की ती पेला खिडकीच्या गजावर वाजवायची. टण-टण. मग एक, टण.

६

म्हणजे बाबा. टाकीतलं पाणी काढणारं घरात दुसरं कोण होतं? बहिणीच्या आठवणीने काहीतरी करत असतील, तिच्या खोलीत पाणी नेऊन ठेवत असतील. म्हाताऱ्या माणसांचा काही भरवसा नाही. मी सरळ विचारलं.

"बाबा, तुम्ही टाकीतलं पाणी काढता का?"

"मी? कशाला?"

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"तू न रागावता कधी बोललीस ते मला आठवत नाही," बाबा म्हणाले. मग हसू मावळलं. "कोण काढतंय पाणी?"

"कोणी नाही. उडतंय."

त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि लगेच पेपर उघडला. "मी त्या दिवशी खोडाळ्याला लग्नाला गेलो नसतो तर," ते पेपराला म्हणाले. पाच महिने ते हेच वाक्य म्हणत होते. पुढचा अर्धा भाग ते कधीच बोलत नसत.

"तुमचा काय दोष, बाबा," मी म्हणाले. हे माझं वाक्य. तेही पाच महिने.

७

मे महिन्यात आत्या गेली त्या दिवशी, नळाला पाणी नसल्याचा पाचवा दिवस होता. मागच्या पडवीत आमचे दोन निळे ड्रम असतात. एकात साठवलेलं गोडं पाणी, दुसऱ्यात टाकीसाठी मीठ कालवलेलं. आदल्या संध्याकाळी खाऱ्याचा ड्रम बुडाशी गळायला लागला. टाकीचं पाणी बदलायचं होतं, म्हणून मी गोड्याच्या ड्रममध्ये उरलेल्या पाण्यात मीठ कालवलं. नळ उद्या येईल, तोवर फिल्टरचं पुरेल, असा हिशेब.

सकाळी बाबा खोडाळ्याला निघाले. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. दारातून परत आले.

"तिला कडी लावू नको. घाबरते ती."

"मग टाकीतलं पाणी पिऊ दे?"

"जवळ बस तिच्या."

"दोन ते चार माझी सराव परीक्षा आहे. ऑनलाइन."

"परीक्षा काय, परत होईल," म्हणाले आणि गेले.

दीड वाजता मी आत्याची कळशी भरली. फिल्टर तळाला गेला होता, त्याच्यातली शेवटची बाटली मी माझ्यासाठी टेबलावर ठेवली होती. म्हणून कळशी ड्रममधून भरली. गोड्याच्या ड्रममधून. सवयीने. वर्षानुवर्षं हात त्याच ड्रमकडे जातो. मग कडी लावली.

अडीचच्या सुमारास पेला वाजायला लागला. मग तिचा आवाज. "पोरी, पानी खारं हाय."

मी खुर्चीतूनच ओरडले, "आत्या, ते गोडंच आहे."

"चाखून बघ गं."

टण-टण. टण. मी कानात हेडफोन घातले. तरी ऐकू येत होतं, मग पावसाच्या आवाजाचा एक व्हिडिओ लावला. साडेतीनला थांबलं. झोपली, मला वाटलं. बरं वाटलं, हेही लिहिते. चारला पेपर संपला. दोनशेपैकी एकशे बेचाळीस, तोवरचे माझे सर्वांत जास्त गुण. चुकलेले प्रश्न मी परत सोडवत बसले. कडी काढली तेव्हा पावणेपाच झाले होते.

आत्या खिडकीखाली बसली होती. पेला हातात. ओठ पांढरे, भेगाळलेले. श्वास होता की नव्हता, मला आज सांगता येत नाही. कळशी अर्धी झाली होती. मी तिच्यात बोट बुडवून आत्याच्या ओठांना लावलं. मग, का कोण जाणे, तेच बोट माझ्या जिभेला लावलं.

त्यानंतर मी जे केलं ते असं. बाबांना फोन केला नाही. डॉक्टरांना केला नाही. प्रेमाकाकूंना हाक मारली नाही. आधी ती कळशी उचलून बाहेर आणली. ओतून द्यायला मोरीपाशी गेलेही. पण आमच्याकडे पाणी फेकत नाहीत. पाचव्या दिवशी तर नाहीच. हात आपोआप वळले आणि मी ते आत्याचं उरलेलं पाणी टाकीत ओतलं. ते तिथलंच होतं. मग माझ्या टेबलावरची अर्धी बाटली कळशीत रिकामी केली, कळशी तिच्याशेजारी ठेवली, आणि मग फोन लावले.

ऊन लागलं, वय झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दार उघडंच होतं, असं मी बाबांना सांगितलं.

८

मागच्या सोमवारी बाबा निवृत्त शिक्षकांच्या बैठकीला मोखाड्याला गेले. मी सकाळी पातळीवर पेनाने रेघ मारली, दुपारी दोनला टाकीसमोर खुर्ची ओढली आणि बसले. गळती असेल तर दिसेल, काय ते दिसेल. मी शिकलेली आहे. समोर बसून बघण्याला काही अक्कल लागत नाही, पण निदान खोटं तरी सापडतं.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. प्रेमाकाकूंच्या मिक्सरचा आवाज आला आणि बंद पडला. पंप घरघरत होता. डॅमसेल त्याच्या जागी होता, डाव्या काचेशी, कल्ले हलवत.

अडीचला तो टकटकला. दोन, मग एक. मग तो वर आला. पाण्याच्या कडेशी येऊन थांबला, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की तो भांडायच्या पवित्र्यात नाही. आईचा परकर धरून उभ्या राहिलेल्या पोरासारखा होता.

त्याच्या तोंडासमोर पाणी खचलं.

याहून नीट मला सांगता येत नाही. पाण्याचा वरचा थर एका जागी गोल दबला, पेल्याच्या तोंडाएवढा गोल. गोलाची एक बाजू चेपलेली होती. कडेने पाणी आत वळलं, बुडबुड झालं आणि खळगा भरून आला. रेघेखाली केसभर कोरी काच दिसायला लागली. माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर फरशीवर एक थेंब पडला. मग एक पुढे. मग एक. थेंब मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. कडी बाहेरून लावलेली होती. कडी हलली नाही.

पाणी परत खचलं.

पंप उसळला असेल. फरशीवरचं पाणी माझ्याच हाताचं असेल, मी सकाळी टाकी पुसली होती. हे सगळं मी तिथल्या तिथे मनात म्हणाले. म्हणत असताना मी पाणी खचलेलं मोजत होते. नऊपर्यंत मोजलं आणि ओट्यावर जाऊन उन्हात बसले. बाबा सहाच्या जीपने येईपर्यंत आत गेले नाही.

वाळलेल्या थेंबांच्या जागी फरशीवर पांढरे ठिपके उरले होते. मी ते ओल्या फडक्याने पुसले. फडकं धुताना माझी करंगळी, जिथे मासा चावला होता तिथे, झोंबली.

९

दुसऱ्या दिवशी मी फिल्टरचं पाणी कळशीत भरलं. भरल्यावर चाखलं. परत चाखलं. मागच्या खोलीची कडी काढली, आत गेले. पंखा, खाट, खिडकी. तिचा पेला मी मे महिन्यातच माळ्यावर टाकला होता. मी कळशी खिडकीखाली ठेवली आणि म्हणाले, "आत्या, गोडं आहे. चाखलंय मी." रिकाम्या खोलीत बोलताना माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी कळशी काठोकाठ होती. टाकी बोटभर उतरली होती.

असं तीन दिवस. माझ्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं.

शनिवारी दादा आला. त्याला मी फक्त माशाचं आणि त्याच्या टकटकीचं सांगितलं. मासा घेऊन जा, एखाद्या दुकानदाराला देऊन टाक, नाहीतर दुसरा क्लाउनही मरेल.

"एवढासा मासा," दादा जाळी हातात घेऊन म्हणाला, "आणि तू घाबरतेस? सगळ्या जव्हारला घाबरवतेस ती तू?"

"ने म्हटलं तर ने ना."

त्याच्या जाळीत मासा एका झटक्यात आला. पिशवीत पाणी भरताना मी दुसरीकडे तोंड केलं. त्याच संध्याकाळी मी आतली भरलेली कळशी तशीच ठेवून खोलीला कडी लावली. रविवारी दादाचा ठाण्याहून फोन. "पोचला तुझा गुंड. चार तास पिशवीत होता, टक नाही की टुक नाही. तुझी टाकीच वाजत असेल."

दोन दिवस घर गप्प होतं. क्लाउन पंपामागून बाहेर आला आणि टाकीभर हिंडला. पातळी रेघेवर राहिली. मी पंचवीसला काटा आणला आणि अभ्यासाला बसले. त्या दोन दिवसांत मी किती पानं वाचली असतील. मासाच होता, मी म्हणत होते. मासाच होता.

१०

काल संध्याकाळी साडेपाचला बाबा ओट्यावरून आत आले आणि पाणी मागितलं. मी फिल्टरमधून त्यांच्या काचेच्या ग्लासात भरलं. आधी चाखलं, आता चाखल्याशिवाय मी कोणाला पाणी देत नाही. त्यांनी घोट घेतला आणि ग्लास डोळ्यांसमोर धरला.

"खारट लागतंय गं."

"बाबा, ते गोडंच आहे."

वाक्य तोंडातून गेल्यावर मला ऐकू आलं.

"असेल," बाबा म्हणाले. "तू म्हणतेस तर गोडंच असेल." आणि माझ्याकडे बघत त्यांनी दुसरा घोट घेतला, औषध घ्यावं तसा, डोळे मिटून.

टण-टण.

टाकीत एकटा क्लाउन होता, खाली वाळूजवळ. तो नव्हता वाजवत. आवाज काचेवरचा नव्हता, लोखंडावर स्टीलचा होता. मागच्या खोलीच्या खिडकीतून येत होता.

टण.

मी चेहरा हलू दिला नाही. याची मला सवय झाली होती. हात पुसले, गॅसकडे वळले, दुधाचं भांडं उचललं. मग पाठीमागे ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला आणि मी वळून पाहिलं. बाबांची मान खिडकीकडे नव्हती. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या खांद्यांकडे. आवाजाबरोबर ते आखडले होते, ते त्यांनी पाहिलं होतं.

"हे तुलाही ऐकू येतं?" बाबांनी विचारलं.

दुधाचं भांडं माझ्या हातातच होतं.

"मला वाटलं, मलाच," ते म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा झाला होता, छडी चुकल्यावर होतो तसा. "जूनपासून. दुपारी झोपलो की. मी घरी नव्हतो ना त्या दिवशी, म्हणून मलाच ऐकवते, असं वाटायचं. तुला का ऐकवेल ती? तू तर होतीस तिच्याजवळ."

टण-टण. टण.

मासे दात घासतात. पाइप तापले की वाजतात. पंप जुना आहे. तीनही उत्तरं माझ्या जिभेवर होती, आणि तीनही बाबांना पटली असती. माझं त्यांना नेहमी पटतं, मी शिकलेली. दुधाचं भांडं मी खाली ठेवलं. जिभेवर चव आली, त्या दिवशी बोटाला होती ती.

"येतं," मी म्हणाले. "त्या दिवशीही येत होतं."